उजव्या खांद्याचा गोफ

सांगून नेली सुई, तिनं नातं गं जोडियेलं
न सांगता नेला दोरा, त्यानं काळीज शिवियेलं

हा आवाज आक्काआत्याचा. तिला जाऊन तीस वर्षं झाली. इस्लामपूरला ओसरीवर वाकळ शिवायला बसली की आळीतल्या बायका तिच्याकडं सुईदोरा मागायला यायच्या, आणि नेणाऱ्या प्रत्येकीला ही ओवी फुकटात मिळायची. सहा वर्षांच्या शशीनं एकदा तिच्या टोपलीतलं रीळ पतंगासाठी न विचारता नेलं. आत्या रागावली नाही. दोन दिवस नुसती ओवी म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी पोरगं रडत येऊन तिच्या मांडीत शिरलं.

"दोऱ्याचं काय एवढं, लेकरा," ती म्हणाली होती, "पण न सांगितलेलं पोटात राहिलं की त्याला मुळं फुटतात. मग उपटताना आतडं येतं सोबत."

साठ वर्षं उलटली. पोराचा डॉक्टर शशिधर माईणकर झाला, भूलतज्ज्ञ म्हणून इंग्लंडला आला, बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातून कन्सल्टंट म्हणून रिटायर झाला. आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी तो आपल्या बेडरूममध्ये मोज्यांचा खण उघडून उभा होता, तेव्हा तो आवाज पुन्हा सुरू झाला होता. तसा तो नऊ आठवडे थांबलाच नव्हता.

खणात लोकरीच्या मोज्यांखाली एक तपकिरी पाकीट होतं. पाकिटात पिवळ्या गोफाचे चार तुकडे.

गोफ व्याह्यांचा होता.

व्याही म्हणजे ऊवे. शशिधरच्या लेकीचा, मालविकाचा सासरा, जावई टिमचा बाप, छोट्या नातीचा, मायराचा 'ओपा', म्हणजे जर्मन आजोबा. जर्मन सैन्यात त्यानं तीस वर्षं काढली होती आणि त्यातली शेवटची अकरा एका कंपनीचा 'श्पीस' म्हणून. श्पीस म्हणजे कंपनीचा थोरला सार्जंट. शंभर-सव्वाशे पोरांच्या रजा, त्यांचे बिछाने, त्यांचं खाणं, भांडणं, प्रेमभंग, सगळं त्याच्या टेबलावर येऊन पडायचं. कॅप्टन हा कंपनीचा बाप आणि श्पीस ही कंपनीची आई, असं तिकडं म्हणतातच. ही आई गर्दीत लांबून ओळखू यावी म्हणून तिच्या उजव्या खांद्यावरून छातीवर एक पिवळा विणलेला गोफ येतो. ऊवेची बायको इंग्लिश होती, म्हणून निवृत्तीनंतर दोघं बर्मिंगहॅमला आली. बायको गेली, ऊवे राहिला. मायराच्या शाळेपासून चार बसस्टॉपवर त्याचं छोटं घर होतं.

हे सगळं ऊवेनंच सांगितलं होतं, मालविकाच्या लग्नाआधी, शशिधरच्याच डायनिंग टेबलावर. पुरणपोळीवर तूप ओतून घेत, सावकाश, शब्द मोजत.

"जुन्या काळी श्पीसच्या बाहीवर दोन पट्ट्या असायच्या," तो म्हणाला होता. "आणि कोटाच्या दोन बटणांमध्ये खोचलेली वही. माझ्या वडिलांच्या बाहीवर होत्या त्या पट्ट्या. त्या युद्धात. त्यांच्या वहीत काय लिहिलेलं होतं ते मी कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. आमच्या वेळी पट्ट्या गेल्या होत्या, गोफ आला होता. मला बरं वाटलं. वही मात्र मी ठेवली. तिच्यात मी पोरांचे वाढदिवस लिहायचो."

मग त्यानं आपली स्वतःची एक रीत सांगितली. ती काही नियमात नव्हती, त्याची त्यानंच पाडलेली. एखादं पोरगं दारात घुटमळायला लागलं, तोंडाशी आलेलं सांगता येईना, की ऊवे खांद्यावरचा गोफ सोडायचा आणि टेबलावर ठेवायचा. म्हणायचा, "आता श्पीस टेबलावर आहे. खुर्चीत नुसता ऊवे. बोल." गोफ टेबलावर असेपर्यंत जे बोललं जाईल ते वहीत जायचं नाही. समोर बिस्किटांचा एक निळा पत्र्याचा डबा असायचा, तो पोरापुढं सरकवायचा.

"तीन पोरांनी त्या टेबलावर मला सांगितलं की त्यांना जगायचं नाही," ऊवे म्हणाला. "तिघंही आज बाप आहेत."

शशिधरच्या बायकोचे, सुहासिनीचे डोळे भरून आले होते. शशिधरला मात्र घड्याळात साडेदहा झालेले दिसत होते. तो बायकोकडं वळून मराठीत म्हणाला, "म्हणजे हवालदार कम् आई. बघ बाई, लेकीनं काय सासरा शोधलाय!" आणि हसला.

सुहासिनी हसली नाही. मालविकानं मान खाली घातली. ऊवेनं तिघांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि त्याला वाटलं काही तरी चांगलं बोलले असतील, म्हणून तोही हसला.

त्याचं ते हसू शशिधरला त्या वेळी काहीच बोचलं नव्हतं. आता बोचत होतं.

*

गणपती शनिवारी बसले. माईणकरांच्या घरचं मखर म्हणजे बर्मिंगहॅमच्या मंडळींत नावाजलेलं. दर वर्षी शशिधर पुठ्ठा, कापड आणि कागद घेऊन महिनाभर खपायचा. भूल देणाऱ्याचा हात, गाठ कशी बसेल ते त्या हाताला न बघता कळायचं. सकाळी मूर्ती बसली. दुपारी लक्षात आलं की मखराच्या चार खांबांवरचे पडदे खाली घसरतायत, बांधायला घेतलेली रिबन गुळगुळीत. सहा वाजता आरतीला चाळीस माणसं यायची होती.

"अहो, जरीची दोरी आहे माझ्याकडं," सुहासिनी किचनमधून ओरडली. "हॉलवेतल्या शेल्फवर, निळ्या डब्यात!"

आता बिस्किटाचा निळा डबा म्हणजे काय ते कुठल्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. त्यात बिस्किटं सोडून सगळं असतं. सुया, बटणं, हुक, लेस. माईणकरांच्या शेल्फवर असे दोन डबे कायमचे. त्या दिवशी तीन होते. शशिधरनं तिसरा उघडला. आत पातळ कागदात गुंडाळलेला पिवळा गोफ, रेशमासारखा, चांगला भरीव. 'वा! हे कुठून आणलं हिनं?' एवढंच त्याच्या मनात आलं. किचनची कात्री घेतली, चार सारखे तुकडे केले, चार खांबांना चार गाठी मारल्या, वरून झेंडूची फुलं खोचली. डबा झाकण लावून जागेवर.

तासाभरापूर्वी ऊवे येऊन गेला होता हे त्याला ठाऊक नव्हतं. कंपनीनं निरोप देताना त्याचा जुना गोफ त्याच बिस्किटांच्या डब्यात घालून त्याला दिला होता, आणि आज आरतीनंतर तो मायराला दाखवायचा म्हणून तो डबा घेऊन आला होता. सुहासिनी फोनवर होती, म्हणून त्यानं तो शेल्फवर ठेवला आणि टिमबरोबर मंडळाच्या हॉलवरून खुर्च्या आणायला गेला.

संध्याकाळी आरती झाली. ऊवे पहिल्या रांगेत उभा होता, हात जोडून, टाय लावून. टाळ्या तालात, एक ठोका चुकला नाही. आरतीनंतर तो मखरापाशी वाकला, खांबाकडं बघितलं आणि म्हणाला, "उत्तम गाठ आहे, व्याही." 'व्याही' हा शब्द त्यानं पाठ करून ठेवला होता, आणि तो त्याला फार आवडायचा.

मग प्रसाद वाटून झाल्यावर त्यानं पोरांना गोळा केलं, गोफाची गोष्ट सांगितली, आणि डबा उघडला.

आत चुरगळलेला कागद, आणि तळाशी कंपनीनं दिलेलं कार्ड.

"ओपा, रिकामा आहे," मायरा म्हणाली.

"डॅड, यू लेफ्ट इट ॲट होम," टिम म्हणाला.

"नाही. मी ठेवला होता. ह्या कागदात."

"डॅड. इट्स फाइन. होतं असं."

ऊवेनं कागद उलगडला, पुन्हा उलगडला, डब्याच्या कडा बोटानं चाचपल्या. शशिधर तीन फुटांवर पेढ्यांचं ताट घेऊन उभा होता. त्याची नजर डब्यावरून मखराकडं गेली. झेंडूच्या खालून पिवळं टोक दिसत होतं. त्यानंच कापलेलं.

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य. 'अरे देवा, माझ्याकडून झालं!' लोक हळहळले असते, हसले असते, ऊवे रडला असता कदाचित, पण ते तिथंच संपलं असतं. पण चाळीस माणसं होती. ज्या माणसाला आयुष्यभर लोकांनी आपला जीव सोपवला, त्यानं न बघता दुसऱ्याचा मान कात्रीनं कापला, तोही ह्या मखरासाठी, ज्याचे फोटो आत्ताच तिघं काढत होते. शशिधरनं ताट पुढं केलं.

"पेढा घ्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं चारी गाठी सोडल्या आणि लाल रिबन बांधली.

"काल पिवळं होतं ना?" सुहासिनीनं विचारलं.

"सैल पडलं होतं."

तिनं त्याच्याकडं बघितलं.

*

विसर्जनानंतर सांगू, असं शशिधरनं मनाशी ठरवलं. मग टिमचा वाढदिवस आला, त्याचा विरस नको. मग ऊवेनं घरभर शोधाशोध केली, माळा उपसला, कार्पेटचा कोपरा उचलला, आणि आता इतकं शोधून झाल्यावर सांगायचं तरी कुठल्या तोंडानं? लाजेचं असंच असतं. रोज थोडं व्याज चढवते आणि रोज म्हणते, उद्या ये.

तेवढ्यात गोष्ट गोफाच्या पलीकडं गेली.

ऊवे कधी काही हरवणारा माणूस नव्हता. म्हणूनच हरवणं त्याला पचेना. गोफ डब्यात ठेवल्याचं त्याला लख्ख आठवत होतं, आणि गोफ डब्यात नव्हता. मग चुकीचं कोण? आठवणच. त्यानं गाडीची किल्ली टिमला देऊन टाकली. कार्डिगनच्या दोन बटणांमध्ये खोचलेल्या वहीत पूर्वी वाढदिवस असायचे, आता तिच्यात 'गॅस बंद केला, नऊ दहा' असं लिहायला लागला. आणि ऑक्टोबरच्या सुट्टीनंतर त्यानं मालविकाला सांगितलं की मंगळवारी आणि गुरुवारी मायराला शाळेतून तो आणणार नाही.

मालविका त्या दिवशी रडत आली होती. तिचं मराठी रडताना अजूनच मोडायचं. "बाबा, ते म्हणाले, आय शुडन्ट बी ट्रस्टेड विथ अ चाइल्ड. असा कोण बोलतं? मायरा गेटवर उभी राहिला आणि विचारते, ओपा मला विसरला का? जीपी डॉक्टरनी मेमरी क्लिनिकला पाठवलाय त्यांना. आणि ते जर्मनीमधला एक होम बघतायत, बहिणीच्या जवळ. ते म्हणतात, मी कोणाचा बर्डन नाही होणार. बाबा, तुम्ही डॉक्टर आहात ना, तुम्हाला काही दिसला का त्यांच्यात? आधी?"

"नाही," शशिधर म्हणाला. "आधी काही नाही."

हे निदान खरं होतं. आणि त्या खऱ्याच्या आड तो उभा राहिला, झाडाआड पोर उभं राहतं तसा, अर्धा बाहेर दिसत.

त्याच रात्री त्यानं ऑनलाइन एक नवा गोफ मागवला.

*

नवा गोफ पाच दिवसांत आला. बेत सोपा होता. ऊवेच्या घरी जायचं, तो कॉफी करायला आत गेला की गोफ कपाटामागं टाकायचा, आणि पुढच्या आठवड्यात कुणाला तरी तो 'सापडायचा'. सगळे हसतील. डबा पुन्हा भरेल.

ऊवेनं दार उघडलं तेव्हा त्याचा शर्ट नेहमीसारखाच इस्त्रीचा होता. "व्याही! या. कॉफी?"

तो किचनमध्ये गेला. शशिधर कोटाच्या खिशात हात घालून हॉलमध्ये उभा राहिला. कपाटावर एक चिठ्ठी चिकटवली होती, ठसठशीत सरळ अक्षरांत: 'कागदपत्रं.' दिव्याच्या बटणाशी: 'जाताना बंद.' दाराच्या आतल्या बाजूला: 'किल्ली. चष्मा. थांब, पुन्हा बघ.'

थांब, पुन्हा बघ.

कपाटाच्या वर भिंतीवर फोटो होता. ह्या फोटोखालून शशिधर दहा वर्षांत पन्नास वेळा गेला असेल, आज पहिल्यांदा त्यानं मान वर केली. पन्नाशीतला ऊवे, गणवेशात, मागं पोरांच्या रांगा. उजव्या खांद्यावर तो गोफ. खाली एका जागी विणीत बारीक हिरवा दोरा दिसत होता, कधी तरी उसवलं तिथं कुणी तरी हातानं शिवलेलं. पाकिटातल्या तिसऱ्या तुकड्यावर तो हिरवा टाका होता. शशिधरला तो डाग वाटला होता.

आणि तेव्हा त्याला आपला बेत पुरता दिसला. हा कोरा, चकचकीत गोफ कपाटामागं मिळाला तर ऊवे एका नजरेत ओळखेल की हा आपला नाही. किंवा त्याहून वाईट, तो स्वतःच्या नजरेवर विश्वास ठेवणार नाही. म्हणेल, माझाच असेल, मीच इथं टाकला असेन, मीच विसरलो. हरवण्याची शंका होती, तिचा पुरावा होईल. शशिधर गोफ परत करायला नाही, तर ऊवेच्या डोक्यातला शेवटचा दिवा विझवायला आला होता.

"काय शोधताय?" मागून आवाज आला. ऊवे ट्रे घेऊन दारात.

शशिधरचा हात कपाटाच्या दारावरच होता. "टॉयलेट," तो म्हणाला.

ऊवे त्याच्याकडं बघत राहिला, आणि मग खळखळून हसला. किती तरी दिवसांनी. "दहा वर्षं येताय, व्याही! तुम्हीसुद्धा?" ट्रे ठेवून त्यानं वहीतलं एक पान फाडलं, त्यावर बाण काढला, 'डावीकडं दुसरं दार' असं लिहिलं, आणि ते शशिधरच्या हातात देत अगदी हळू म्हणाला, "लाजू नका. मला माहीत आहे कसं वाटतं ते. लिहून ठेवलं की बरं पडतं."

शशिधर आत गेला, दाराला कडी लावली आणि नळ सोडून तिथंच उभा राहिला. बाहेर कंपनीची आई दोन कपांत कॉफी ओतत होती.

कॉफी पिताना ऊवे म्हणाला, "गुरुवारी क्लिनिक आहे. टिमला रजा नाही. ते म्हणतात, सोबत घरचं कुणी हवं. तुम्ही याल? तुम्ही डॉक्टर आहात. तुम्ही बोललात की ते ऐकतील."

"येतो," शशिधर म्हणाला. नाही म्हणायला तरी तोंड कुठं होतं?

*

म्हणून आज गुरुवार, आणि मोज्यांचा खण उघडा.

सुहासिनी दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात त्याचा कोट होता.

"पाकीट घेताय ना?" ती म्हणाली.

तो वळला. "कुठलं?"

"अहो, तुमचे मोजे ह्या घरात कोण धुऊन ठेवतं?"

तो पलंगावर बसला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"लाल रिबन बांधलीत तेव्हापासून शंका होती. दसऱ्याला खण आवरला तेव्हा खात्री झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलले असते तर ते माझं बोलणं झालं असतं," ती म्हणाली. "वाट बघत होते. चूक हो, कुणाच्याही हातून होते. डबे माझेच तसले. पण रोज सकाळी तुम्ही हा खण उघडता, बघता आणि लावता. मला वाटायचं, आज काढतील. आज काढतील." तिनं हातातला कोट झटकला. "काल मायरा म्हणाली, आजी, मी पण विसरले तर मला पण होममध्ये ठेवणार का? आता नाही बघवत मला. तुम्ही नाही बोललात तर संध्याकाळी मी जाणार आहे त्यांच्याकडं. आणि मग मात्र मी तुमच्या तोंडाकडं बघू शकणार नाही."

तिनं कोट त्याच्या खांद्यावर घातला, लहान मुलाला घालावा तसा. पाकीट आतल्या खिशात गेलं.

*

क्लिनिकची खोली छोटी होती. एक गोल टेबल, टिश्यूचा खोका, भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. नर्स बाई मवाळ आवाजाच्या. ऊवे नवा टाय लावून आला होता आणि खुर्चीत ताठ बसला होता, जणू तपासणी त्याची नाही, खोलीची चालू आहे.

त्याला घड्याळ काढायला सांगितलं, त्यानं सुबक काढलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाचही सांगितले. शंभरातून सात सात वजा करत तो न अडखळता खाली आला. नर्स बाईंच्या भुवया थोड्या वर गेल्या.

"ऊवे," त्या म्हणाल्या, "तुम्हाला असं कधीपासून वाटायला लागलं?"

ऊवेनं कार्डिगनच्या दोन बटणांमधून वही काढली. पान आधीच दुमडून ठेवलं होतं. तो वाचायला लागला, आणि सैन्यात पोरांची हजेरी घेतलेला त्याचा आवाज कागदासारखा पातळ झाला.

"शनिवार, दुपारी दोन. गोफ कागदात गुंडाळला. डब्यात ठेवला. झाकण लावलं. असं मला आठवतं. संध्याकाळी साडेसात. डब्यात गोफ नाही." तो थांबला. "म्हणजे मला जे आठवतं ते घडलेलंच नाही. ही सुरुवात. अकरा वर्षं सव्वाशे मुलं माझ्या आठवणीच्या भरवशावर झोपली, मॅडम. आता मी माझ्या नातीचा हात धरून रस्ता ओलांडायला भितो."

त्यानं वही टेबलावर ठेवली आणि पेन उघडं धरलं. इथं जे सांगतील ते लिहून घ्यायचं होतं त्याला.

नर्स बाई शशिधरकडं वळल्या. "तुम्ही घरचे आहात. डॉक्टरही आहात. त्या शनिवारी तुम्हाला काही जाणवलं होतं का?"

शशिधरला वाटलं आपण तीन फुटांवर पेढ्यांचं ताट घेऊन उभे आहोत, अजून, त्या दिवसापासून आजपर्यंत, हात अवघडून गेलेत आणि ताट खाली ठेवता येत नाही. आत कुठं तरी आत्या ओवीच्या दुसऱ्या ओळीवर येऊन थांबली होती.

त्यानं खिशातून पाकीट काढलं. टेबलावर उलटं केलं. पिवळे चार तुकडे एकामागोमाग एक बाहेर आले. दोन त्यानं एका दुपारी आत्याच्या वाकळेच्या टाक्यानं जोडायचा प्रयत्न केला होता, तो टाका वाकडा पडला होता. तिसऱ्यावर हिरवा दोरा.

ऊवेचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला. तो हिरव्या दोऱ्याकडं बघत राहिला, कितीतरी वेळ. मग चारी तुकड्यांकडं. मग शशिधरच्या चेहऱ्याकडं.

त्यानं पेनाला टोपण लावलं. वही मिटली, आणि परत दोन बटणांमध्ये खोचून ठेवली. आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन तो नुसता बसला, खुर्चीत, वाट बघत.

"तुम्हाला आठवतं ते घडलं होतं," शशिधर म्हणाला. "गोफ डब्यात होता, ऊवे. तुम्हीच ठेवला होता, कागदात गुंडाळून. मी काढला. माझ्या मखरासाठी मी तो कात्रीनं कापला, न बघता, कारण तुमची कुठलीच गोष्ट मी कधी नीट बघितली नव्हती, ऐकली नव्हती. तुम्ही तुमच्याच गोफापुढं हात जोडून उभे होतात आणि मला कळल्यावरही मी गप्प बसलो. नऊ आठवडे. तुम्ही गाडीची किल्ली दिलीत, मायराला शाळेतून आणणं सोडलंत, तरी मी गप्प. त्या दिवशी तुमच्या घरी मला टॉयलेट नको होतं. आणि पहिल्या दिवशी, माझ्या टेबलावर, मी मराठीत तुम्हाला हवालदार म्हणालो होतो. तुम्ही माझ्याबरोबर हसलात. मी तुम्हालाच हसत होतो."